माइकवरचं गाऱ्हाणं

जयवंत म्हणतो, त्यात त्याचं काय चुकलं? गाऱ्हाणं घालायला सांगितलं, त्याने घातलं. त्याच्यावर ओरडून ओरडून माझा घसा बसला, तरी त्याचं नेमकं काय चुकलं ते मला धड सांगता येत नाही, आणि म्हणूनच डोकं जास्त फिरतं. कोणी मुद्दाम वाईट केलं असतं, तर चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते. इथे सगळ्यांनी चांगलंच केलं आणि पोराची वाट लागली.

मी शकु. मुंबईत असल्फ्याच्या डोंगरावर आमची रवळनाथ चाळ आहे. तिथे माझी खोली आणि सुगंधाची खोली समोरासमोर, मध्ये एक माणूस जाईल एवढा बोळ. चाळीत निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं आमच्याच गावची, देवगडकडची. त्यामुळे गावचं मंडळ आहे, मंडळाची पातेली आहेत, सतरंज्या आहेत, भजन आहे आणि भांडणं तर काय, विचारूच नका. सुगंधाचा सुयोग माझ्या डोळ्यांसमोर वाढला. मला मूलबाळ नाही, त्यामुळे तो निम्मा माझाच, असं मी धरून चालते. सुगंधाने कधी हरकत घेतली नाही.

सुयोग मरोळला एमआयडीसीत औषधांची खोकी छापायच्या मशिनवर होता. बाप गेला तेव्हा पोरगा बावीस-तेवीसचा. त्यानंतर प्यायला लागला. आता माझ्या घरातही दारू होती. आमचे हे, भाऊराव, प्यायचे तर अख्ख्या डोंगराला कळायचं. शिव्या काय, गाणी काय, मग माझ्या पाया पडणं काय. सुयोगचं तसं नव्हतं. हा गप्प प्यायचा. कामावरून यायचा, चपला सरळ लावायचा, आईने वाढलेलं चार घास खायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. भांडण नाही, तमाशा नाही, त्यामुळे मंडळात त्याला कोणी दारुडा म्हणत नसे. 'घेतो थोडी' म्हणत. आमच्यात थोडी कोण घेत नाही?

सुगंधा त्याला रोज एकच विचारायची, जेवलास काय? तो हो म्हणायचा. मायलेकांचं एवढंच बोलणं. ती माझ्याकडे रडायची, देवाकडे रडायची, मुलाशी मात्र त्या विषयावर एक शब्द नाही. विचारलं आणि तो रागाने निघून गेला तर, ही तिची भीती. मी म्हणायची, अगं तो रागावणाऱ्यांतला आहे का? पण आईच्या जिवाला कोण समजावणार.

मागच्या वर्षी गणपतीनंतर तो एकदा माझ्याकडे आला आणि दारात उभा राहूनच म्हणाला, मावशी, मी डॉक्टरकडे जातोय, डोक्याच्या. आणि दर मंगळवारी विक्रोळीला दारू सोडलेल्या माणसांची मीटिंग असते, तिथेही जातो. आईला ओव्हरटाइम सांगितलाय. डॉक्टरने रोजची गोळी दिलीय, ती तुझ्याकडे ठेवू का?

मी म्हटलं, आईला सांग की, आनंद होईल तिला. तर हसला. म्हणाला, "आईला कळलं की देवाला कळलं, आणि देवाला कळलं की मंडळाला कळलं." मग हसणं थांबवून म्हणाला की त्याला हे एकदा गुपचूप करून बघायचंय. जमलं तर सगळ्यांना सांगेल. नाही जमलं तर निदान कोणी बघितलेलं नसेल.

मला ते पटलं. माणूस पहिल्यांदा सायकल शिकतो तेव्हा तरी कुठे सगळ्यांना बोलावतो. गोळ्या मी मसाल्याच्या फळीवर हिंगाच्या डब्यामागे ठेवल्या. संध्याकाळी कामावरून आला की आधी माझ्याकडे यायचा, गोळी घ्यायचा, पाणी प्यायचा, दोन मिनिटं बसायचा. हळूहळू दोनाची दहा झाली. मग तो बोलायला लागला. मशिनवरच्या माणसांच्या नकला करायचा. दिवाळीत माझी खोली रंगवून दिली, भिंत पिवळी हवी की पांढरी यावर माझ्याशी हुज्जत घातली. इतक्या वर्षांत तो कोणाशी हुज्जत घालताना मी बघितला नव्हता. मला बरं वाटलं.

त्याला एकच गोष्ट सतावत होती. मंडळाच्या भजनात पखवाज तो वाजवायचा, आणि वाजवायच्या आधी दोन घोट घेतल्याशिवाय कधी बसला नव्हता. सोडल्यापासून त्याने भजनच टाळलं होतं. आता सव्वीस जानेवारीला चाळीचा सत्यनारायण, संध्याकाळी भजन, आणि भजन गाणाऱ्या हर्षदबुवाने त्याला वाजवायची गळ घातली होती. सुयोग माझ्या खोलीत बसून मांडीवर बोल वाजवायचा. हाताला थोडा कंप होता. मी म्हणायची, कोणाला दिसतोय? तो म्हणायचा, मला दिसतो ना. "मावशी, मला फक्त बघायचंय, माझा हात दारूशिवाय चालतो का. एकदा चालला ना, की मग सगळंच चालेल." येडपट बोलणं म्हणा. पण त्याने सगळं त्या एका संध्याकाळवर लावलं होतं, आणि मला ते ठाऊक होतं.

आता सुगंधाचं ऐका. ती माझ्या घरात हक्काने वावरते. हिंग घ्यायला आली, मागे गोळ्यांचं पाकीट दिसलं. मला म्हणाली, तुला कसल्या गोळ्या चालू आहेत? मी म्हटलं, गुडघ्याच्या. झालं. ही बाई एवढी गुणाची, की माझ्या संपत आल्यात म्हणून रिकामं पाकीट घेऊन खालच्या मेडिकलमध्ये गेली, मला नवीन आणून द्यायला! मेडिकलवाला म्हणाला, काकी, ही गुडघ्याची नाही, डोक्याची आहे, चिठ्ठीशिवाय मिळणार नाही. वर येऊन माझा हात धरून रडायला लागली, शकु, तू मनाला एवढं काय लावून घेतलंस गो म्हणून. मला हसू आवरेना. त्या हसण्यावरून तिने ओळखलं की गोळ्या माझ्या नाहीत. संध्याकाळी दारातून तिने सुयोगला माझ्याकडे शिरताना बघितलं. तशीच आत वळली. मीही तिला खरं सांगायला गेले नाही. तो आपणहून सांगेल तेव्हा सांगेल, असं मला वाटलं.

पण सुगंधाच्या मनात काय चाललं असेल बघा. मुलगा पितो हे तिला माहीत होतं. त्याने सोडली, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. रोज भिंतीकडे तोंड करून झोपणारा मुलगा अजून तसाच झोपत होता. त्यात आता डोक्याच्या गोळ्या. तिला वाटलं, दारू चढत चढत डोक्यात गेली. तिने हिशेब उलटाच मांडला. आणि मुलाला विचारायचं सोडून ती तिथे गेली, जिथे आमच्यातलं कोणीही जातं.

आमच्यात गाऱ्हाणं म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. पूजा झाली की जाणता माणूस हातात नारळ घेऊन देवासमोर उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालतो. एकेक वाक्य झालं की जमलेल्यांनी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ज्याची काही अडचण असेल त्याने आधी त्या माणसाच्या कानात सांगायची, मग तो ती देवाच्या कानावर घालतो. नाव घ्यावं लागतं, अडचण सांगावी लागते. मोघम चालत नाही, देवाला कळायला नको कोणाचं काय ते? आमच्या मंडळात हे काम जयवंताचं. आवाज खणखणीत, भाषा अजून गावचीच.

सव्वीस जानेवारीला सकाळी मांडवात केळीचे खांब बांधून झाले तेव्हा सुगंधा जयवंताशी कुजबुजताना मला दिसली. मला वाटलं, नारळांचं काहीतरी असेल. नंतर मला कितीदा वाटलं, तेव्हाच उठून तिच्याजवळ गेले असते तर. पण मी शिऱ्याच्या पातेल्याशी होते आणि शिरा खाली लागत होता.

पूजा झाली. यंदा पोरांनी माइक आणला होता, दोन मोठे स्पीकर, एक मांडवात आणि एक खाली रस्त्याकडे तोंड करून. आग लागो त्या माइकला. जयवंताने नारळ घेतला, माइक जवळ ओढला आणि सुरुवात केली. प्रांजलला नोकरी लागू दे. व्हय म्हाराजा. नमिताची सुखरूप सुटका होऊ दे. व्हय म्हाराजा. पाण्याची लाइन, बिल्डरची बोलणी, गावच्या देवळाचं छप्पर. व्हय म्हाराजा. सुयोग मांडवाच्या कडेला मांडी घालून बसला होता, संध्याकाळसाठी पखवाज घेऊन. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, त्याशिवाय तो घुमत नाही. तो कणीक मळत होता. अंघोळ करून, पांढरा झब्बा घालून आला होता. चेहऱ्यावर तेज होतं पोराच्या, खरंच होतं.

"बा देवा म्हाराजा! ही आमची सुगंधा. हिचो झील सुयोग दारूच्या नादाक लागलोलो आसा, आता डोक्याच्या डॉक्टराच्या गोळये खाता. तेच्या डोक्यातली ही पीडा खंय ती काढून टाक, आणि तेका माणसात आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

कोणी हसलं नाही हो. त्या दिवशीच्या सगळ्या गाऱ्हाण्यांत हाच आवाज सगळ्यात मोठा निघाला, पोटातून. बायकांचे डोळे भरले. सुगंधाने पदर पसरला होता. चाळीतलं एकूण एक माणूस त्या पोरासाठी ओरडलं, आणि ते खाली रस्त्यावर रिक्षावाल्यांपर्यंत गेलं. माझं तोंड बाकीच्या वेळी उघडत होतं तसंच उघडलं, पण आवाज आला नाही.

मी सुयोगकडे बघितलं. तो कणीक मळत होता तसाच मळत राहिला. मान वर केली नाही. माणसात आण म्हणे! अरे, तो माणसातच बसला होता, तुमच्यातच, झब्बा घालून.

तरीही तो उठून गेला नाही, हे मी मुद्दाम सांगते. प्रसाद घेतला, जेवणाच्या पंगतीत वाढायला उभा राहिला. मी जवळ गेले तर म्हणाला, मावशी, राहू दे, संध्याकाळी वाजवतो, मग बघू. अजूनही त्याने धीर सोडला नव्हता. सोडायला लावला तो हर्षदबुवाने, आणि तोही मायेनेच. संध्याकाळी भजनाची बैठक मांडली तेव्हा बुवा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, आज तू आराम कर, बरा झालास की वाजव, आज प्रीतमला बसवतो. सुयोग म्हणाला, मी बरा आहे. बुवा म्हणाला, हो रे, आहेसच तू बरा. लहान मुलाशी बोलतात ना, तशा आवाजात. कणकेचा गोळा लावलेला पखवाज सुयोगने उचलून प्रीतमच्या पुढे ठेवला आणि मागे सतरंजीवर जाऊन बसला.

त्या दिवशी तो प्यायला नाही. लोकांना वाटतं त्याच दिवशी प्यायला असेल. नाही. तो टिकला. पुढे बरेच दिवस टिकला, आणि ते दिवस जास्त वाईट होते.

कारण सगळे चांगुलपणाने वागायला लागले. जयवंत रोज सकाळी नळावर विचारायचा, गोळी घेतलीस काय रे? नमिताची सासू कसलासा काढा आणून द्यायची. कोणी ताईत दिला. कोणी कोण्या महाराजांचा पत्ता दिला. मंगळवारच्या मीटिंगचाही कोणीतरी माग काढला, आणि तो पायऱ्या उतरायला लागला की चार दारांतून आवाज यायचा, मीटिंगला ना? जा हां, जा! शेजारचा मेला श्यामकांत तर बोलता बोलता त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन वास घ्यायचा. मी एकदा त्याला सुनावलं, तर म्हणाला, काकी, काळजीपोटी हो. चाळीत भांडण झालं आणि सुयोग मध्ये बोलला, की लोक एकमेकांकडे बघून गप्प बसायचे. त्याचं रागावणंसुद्धा आता आजारात धरलं जायचं. आणि सुगंधा? ती खूश होती. म्हणायची, बघ, देवाने ऐकलं, पितच नाही तो आता. तो गणपतीपासूनच पीत नव्हता, हे मी तिला शेवटी सांगितलं. तिला खरं वाटलं नाही. म्हणाली, तू माझं मन राखायला सांगतेस.

एका मंगळवारी तो मीटिंगला न जाता माझ्याकडे येऊन बसला. मी म्हटलं, उशीर होईल. तो म्हणाला, "तिथे जाऊन मी बोलायचो ना मावशी, तेव्हा वाटायचं, हे माझं आहे. आता ते मंडळाचं झालं. माझं माझ्यापाशी काय राहिलं सांग."

मी चहा केला. त्याने गोळी घेतली नाही, उद्या घेतो म्हणाला.

होळीच्या सुमारास दारू परत सुरू झाली. या वेळी गप्प नाही, उघड. तुम्ही मला दारुडा ठरवलाच आहे तर घ्या, असं काहीतरी त्याच्या मनात असणार. मरोळ नाक्यावर कामाच्या वेळेतच पिऊन पडला, कंपनीतल्या दोघांनी रिक्षात घालून आणून सोडला. पावसाळ्याच्या आधी नोकरी गेली. चाळीत सगळ्यांना वाईट वाटलं. जयवंत तर रडला. म्हणाला, देवाने माझं गाऱ्हाणं ऐकलं नाही. मी तेव्हाच त्याच्यावर ओरडले. वय झालंय त्याचं, एवढं ओरडायला नको होतं.

शेवटी सुयोगच म्हणाला, मला कुठेतरी ठेवा. मानखुर्दच्या पलीकडे एक केंद्र आहे, तिथे ठेवला. पहिले काही आठवडे भेटायला देत नाहीत. मग एका रविवारी सुगंधा आणि मी गेलो. घाटकोपरवरून बस केली. सुगंधाने डब्यात तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं सुकं घेतलं होतं आणि पदराच्या गाठीत देवाचा अंगारा.

पोरगा वाळला होता. डोळे मात्र स्वच्छ होते. बाकावर आम्ही तिघं बसलो. सुगंधाने त्याच्या कपाळाला अंगारा लावला, त्याने लावू दिला. मग ती सुरू झाली, मंडळात सगळे तुझी आठवण काढतात, जयवंताला सांगितलंय मी इथला पत्ता, तो येईल, आणि येत्या सत्यनारायणाला आपण परत गाऱ्हाणं घालू, या वेळी पाच नारळ ठेवू.

सुयोग शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "आई, तू देवाला सांगितलंस, जयवंतकाकांना सांगितलंस. मला कधी विचारलं नाहीस गं."

सुगंधाला कळलंच नाही. म्हणाली, काय विचारायचं? तो म्हणाला, हेच, की काय होतं तुला.

बराच वेळ ती पदराची गाठ सोडत आणि बांधत राहिली. मला वाटलं आता ही रडणार, आणि रडली की विषय संपणार, नेहमीसारखा. पण ती रडली नाही. डोकं खाली घालूनच तिने विचारलं, "काय होता रे तुका, बाळा?"

आणि त्याने सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं, म्हणून मला माहीत. बाबा गेले तेव्हापासून, म्हणाला, पहाटे जाग येते आणि छातीवर कोणी बसलंय असं वाटतं. उठवत नाही, श्वास पुरत नाही. वाटतं, आजचा दिवस नकोच. मग तू उठतेस, स्टोव्हचा आवाज होतो, तेव्हा कसाबसा उठतो. दारू घेतली की ती पहाट जरा उशिरा यायची, एवढंच. गोळीने ती कमी झाली होती.

रोज? सुगंधाने विचारलं. तो म्हणाला, रोज. तिने डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला. त्याने थोडं खाल्लं. वेळ संपली म्हणून आतून माणूस आला. जाताना सुयोग म्हणाला, पुढच्या रविवारी आलीस तर एकटी ये. मावशी चालेल. काका नको.

बसमध्ये सुगंधा खिडकीशी बसली. घाटकोपर आलं. उतरायच्या आधी माझ्याकडे न बघताच बोलली.

"शकु, आमच्या खोलयेत जागा ती केवढी. मी कूस वळलंय तर माझो हात तेच्या पाठीक लागायचो. तो जागो असायचो गो तेव्हा. आणि मी हात काढून घ्यायचंय, तेची झोप मोडात म्हणान."